पहिल्या पायरीवरचा डॉक्टर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत आजारांपेक्षा डॉक्टरांच्या वागण्याविषयीचे प्रश्न अधिक आहेत. तपासणी का लिहून दिली नाही, औषध का दिले नाही, घरच्या माणसांची चौकशी कशासाठी केली, अशी ही विचारणा आहे. फॅमिली डॉक्टर म्हणून असे प्रश्न मला समोरासमोर फार थोडे रुग्ण विचारतात. बहुतेकजण मनात ठेवून दुसरा डॉक्टर शोधतात. म्हणून निवडक पत्रांना जरा सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, तेव्हा उत्तरांतले औषधांचे उल्लेख आपापल्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहेत, स्वतःहून फेरफार करण्यासाठी नाहीत.

प्रश्न : मला वर्षभर अधूनमधून डोकेदुखीचा त्रास होतो. फॅमिली डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले, रक्तदाब मोजला, डोळ्यांच्या आत यंत्राने पाहिले आणि मेंदूच्या स्कॅनची गरज नाही असे सांगितले. शेवटी तज्ज्ञांकडेच जायचे असेल, तर मधली पायरी कशाला? सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन एमआरआय करून घेतला तर काय बिघडेल?

उत्तर : काही प्रसंगी मधली पायरी गाळणेच योग्य असते, ते प्रसंग आधी सांगते. आयुष्यात कधी अनुभवली नाही इतकी तीव्र डोकेदुखी एकाएकी सुरू होणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हाताची किंवा पायाची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, तापाबरोबर मान ताठ होणे, यांपैकी काहीही घडले तर ना माझ्याकडे यावे, ना तज्ज्ञांच्या भेटीच्या वेळेची वाट पाहावी. तातडीचा विभाग असलेले रुग्णालय गाठावे.

आपल्या पत्रात यांतले काही नाही, आणि उरलेल्या डोकेदुखीचे गणित निराळे आहे. डॉक्टर कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अमेरिका व ब्रिटनमधील उपलब्ध माहितीवरून एक मांडणी केली होती. एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यांतील सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० जण डॉक्टरांना दाखवतात, ९ रुग्णालयात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले जाते आणि एकच विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. २००१ साली याच पद्धतीने पुन्हा मांडणी झाली, तेव्हाही चित्र फारसे बदललेले नव्हते. वैद्यकीय शिक्षण मात्र बव्हंशी त्या शेवटच्या एका रुग्णाभोवती फिरते. त्यामुळे नवशिक्या डॉक्टरला प्रत्येक डोकेदुखीत गाठ दिसते, आणि रुग्णालाही तेच वाटते यात नवल नाही.

आता समजा, एखादी चाचणी आजार असलेल्या १०० पैकी ९५ जणांना अचूक पकडते आणि निरोगी १०० पैकी ९५ जणांना अचूक सोडते. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत तो आजार हजारात एकाला आहे असे धरू. दहा हजार जणांची चाचणी केली, तर खरे आजारी १० आणि त्यांतले नऊ-दहा सापडतील. पण निरोगी ९,९९० पैकी सुमारे ५०० जणांनाही ‘आजार आहे’ असा अहवाल मिळेल. म्हणजे असा अहवाल हाती आलेल्या ५० जणांपैकी साधारण एकच खरोखर आजारी असेल. तीच चाचणी तज्ज्ञांकडे, जिथे गाळणी लागून रुग्ण आलेले असतात आणि चारांत एकाला तो आजार असतो, तिथे केली तर त्याच अहवालावर ८६ टक्के भरवसा ठेवता येतो. यंत्र तेच, अहवालावरची अक्षरेही तीच. अर्थ मात्र समोर कोण बसले आहे यावर ठरतो. तज्ज्ञांची तज्ज्ञता टिकण्यासाठीसुद्धा ही गाळणी लागते, आणि चांगले तज्ज्ञ हे आमच्याहून अधिक जाणतात.

स्कॅन करून किमान मन तरी शांत होईल, असेही आपण लिहिले आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे सर्वसामान्य लोकांतील २,००० प्रौढांचे मेंदूचे एमआरआय काढले गेले आणि निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सुमारे सात टक्के लोकांत कोणतेही लक्षण न देता होऊन गेलेल्या पक्षाघाताच्या खुणा आढळल्या आणि जवळजवळ दोन टक्क्यांत रक्तवाहिनीला लहानसा फुगा आढळला. असा तीन-चार मिलिमीटरचा फुगा सापडला की बहुधा शस्त्रक्रिया केली जात नाही, पण झोप मात्र उडते. स्कॅन कोणाचा करायचा, हे म्हणूनच डॉक्टर प्रश्न विचारून ठरवतात. डोकेदुखी पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झाली आहे का, आठवड्यागणिक वाढत आहे का, खोकताना किंवा वाकताना तीव्र होते का, पूर्वी कर्करोग झाला होता का, दृष्टीत काही फरक पडला आहे का? डोळ्याच्या आतली मज्जातंतूची चकती पाहण्यामागेही हाच हेतू होता, कारण कवटीतील दाब वाढला तर ती सुजते.

एक गोष्ट आपल्याला विचारावीशी वाटते. महिन्यातून किती दिवस वेदनाशामक गोळी घेता? साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस आणि मिश्र किंवा अर्धशिशीच्या खास गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा प्रकारे काही महिने घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. हे निदान कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. दोन महिने डोकेदुखीचे दिवस आणि गोळ्यांचे दिवस यांची दिनदर्शिकेवर नोंद ठेवा आणि ती घेऊन त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जा.

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या मुलीला आठ दिवसांपासून खोकला आहे. ताप दोन दिवसांत उतरला, ती खेळते, पण रात्री खोकते. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले नाही, खोकल्याचे औषधही नको म्हणाले, आणि ‘वाट पाहू’ असे सांगून परत पाठवले. वाट पाहणे हा काय उपचार झाला?

उत्तर : मुलीला तपासून, तिचा श्वास मोजून, पुन्हा कधी आणायचे हे सांगून वाट पाहिली असेल, तर तो उपचारच आहे. यांतले काहीच न करता नुसतेच ‘होईल बरे’ म्हटले असेल, तर आपली तक्रार रास्त आहे.

खोकला किती दिवस टिकतो, याविषयी लोकांचा अंदाज आणि वास्तव यांत मोठी तफावत आहे. अमेरिकेत प्रौढांना हा प्रश्न विचारला असता त्यांच्या उत्तरांची सरासरी सात ते नऊ दिवस आली. प्रत्यक्ष अभ्यासांमध्ये नोंदलेला काळ सरासरी १८ दिवसांचा निघाला. मुलांवरील अभ्यास एकत्र करून पाहिले, तर दहांपैकी नऊ मुलांचा खोकला थांबायला २५ दिवसांपर्यंत वेळ लागतो. हे दोन्ही अभ्यास २०१३ सालचे आहेत. या तफावतीतूनच पुढचा सारा घोळ होतो. आठव्या-नवव्या दिवशी धीर सुटतो, अँटिबायोटिक सुरू होते, पंधराव्या दिवशी खोकला आपल्या क्रमाने कमी होतो आणि श्रेय गोळीच्या खात्यावर जमा होते. पुढच्या खोकल्याला तेच कुटुंब चौथ्याच दिवशी येते. हे केवळ माझे निरीक्षण नाही. घसादुखीच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना लगेच अँटिबायोटिक मिळाले ते पुढच्या वेळी डॉक्टरांकडे परतण्याचे प्रमाण अधिक आढळले.

बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. ते पोटात गेले की तिथल्या जिवाणूंवर मात्र चालते, आणि जे त्याला पुरून उरतात त्यांचीच पैदास वाढते. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच याचा इशारा दिला होता. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाने २०१९ या एका वर्षात जगभरात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले, असा अंदाज आहे. आपल्या मुलीला न दिलेले अँटिबायोटिक तिच्यासाठीच राखून ठेवलेले आहे. उद्या तिला खरोखर न्यूमोनिया झाला तर ते चालायला हवे.

खोकल्याच्या सिरपाविषयी थोडक्यात सांगायचे, तर लहान मुलांत त्यांचा उपयोग होतो याचा पुरावा कच्चा आहे, आणि डायएथिलीन ग्लायकॉलसारख्या विषारी द्रव्याने दूषित झालेल्या सिरपांबाबत जागतिक आरोग्य संघटनेला २०२२ पासून वारंवार इशारे द्यावे लागले आहेत. एक वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी चमचाभर मध दिल्याने रात्रीचा खोकला थोडा कमी होतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध मुळीच देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

आता वाट पाहताना काय पाहायचे, ते सांगते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळात ६०, दोन ते अकरा महिन्यांत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास होत असतील, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, पाणी पिता न येणे, ओठ निळसर होणे किंवा मूल मलूल पडणे, यांत एक तासही थांबू नये. खेळता खेळता एकदम ठसका लागून खोकला सुरू झाला असेल, तर काहीतरी श्वासनलिकेत अडकले असण्याची शक्यता असते. चार आठवडे उलटूनही खोकला टिकला, मुलीचे वजन घटले किंवा घरात कोणाला क्षयरोग असेल, तर तपासण्या लागतीलच. मोठ्या माणसांच्या बाबतीत, क्षयरोग आढळतो अशा ठिकाणी, दोन आठवड्यांच्या खोकल्यानंतर थुंकी तपासून घ्यावी.

प्रश्न : आमच्या कार्यालयातर्फे दरवर्षी पासष्ट चाचण्यांची पूर्ण शरीर तपासणी होते. मला काहीही त्रास नाही, पण अहवालात दोन आकडे जाड ठशात छापून आले. फॅमिली डॉक्टर ते पाहून हसले आणि ‘पुढच्या वर्षी एवढे करू नका’ म्हणाले. आजार लवकर सापडला तर चांगलेच ना?

उत्तर : हसायला नको होते, पण सल्ला पटण्याजोगा आहे. बहुतेक रक्तचाचण्यांची ‘सामान्य’ मर्यादा अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत आणि ५ टक्के बाहेर पडतात. परस्परांशी संबंध नसलेल्या अशा वीस चाचण्या पूर्ण निरोगी माणसावर केल्या, तरी निदान एक आकडा जाड ठशात येण्याची शक्यता ६४ टक्के होते. आपल्या पासष्ट चाचण्यांत दोनच आकडे बाहेर गेले, ही खरे तर चांगली बातमी आहे.

लवकर सापडणे नेहमीच लाभाचे असते, हे गृहीतक तपासले गेले आहे. लक्षणे नसलेल्या प्रौढांच्या सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांवरील सतरा अभ्यासांचा, अडीच लाखांहून अधिक लोकांचा आढावा वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१९ साली घेतला. एकूण मृत्यूंच्या प्रमाणात तपासणी केलेले आणि न केलेले यांच्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी तपासणीच्या पॅकेजमध्ये सर्रास केली जाऊ लागली, तेव्हा थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या तुलनेत २०११ पर्यंत पंधरा पटींनी वाढले. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जिथल्या तिथे राहिले. ज्या गाठींनी त्या माणसांना आयुष्यभर कधी त्रास दिला नसता, त्या हजारोंच्या संख्येने सापडल्या; ग्रंथी काढल्या गेल्या, आणि मागे राहिली ती आयुष्यभराची संप्रेरकाची गोळी. एवढे होऊनही त्यांतील बहुतेकांना आपला जीव तपासणीने वाचला असेच वाटत असणार, आणि त्यांना तसे वाटणे चूक आहे हे एकेकट्याच्या बाबतीत सिद्ध करता येत नाही. अशा तपासण्यांची लोकप्रियता टिकते ती यामुळे.

लक्षणे नसताना कशाचा शोध घ्यावा, याचे निकष जेम्स विल्सन आणि गुन्नार युंग्नर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ सालीच लिहून ठेवले आहेत. आजार महत्त्वाचा असावा, त्याला सुप्तावस्था असावी, चाचणी लोकांना सोसवेल अशी असावी, आणि मुख्य म्हणजे सापडल्यावर करण्याजोगा, लाभ देणारा उपचार उपलब्ध असावा. या कसोटीला उतरणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्या दिसायला साध्या आहेत. रक्तदाब मोजणे ही त्यांतली पहिली. जगात उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नाही. तिशीपुढील स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी ही दुसरी. आपण तंबाखू घेता का, हा प्रश्न तिसरा, आणि त्यासाठी रक्त काढावे लागत नाही. वय, वजन आणि घराण्यातील आजार पाहून साखर व कोलेस्टेरॉल केव्हा पाहायचे ते ठरवता येते. ते दोन जाड आकडे कोणते होते, हे आपण लिहिलेले नाही. डॉक्टरांनी ते पाहून सोडून दिले असतील तर त्याचे कारण त्यांना अवश्य विचारा.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७८ आहे. हृदयरोगतज्ज्ञ, सांध्यांचे डॉक्टर, मूत्ररोगतज्ज्ञ आणि झोपेसाठी आणखी एक, अशा चौघांची मिळून ती अकरा औषधे घेते. अलीकडे तिला चक्कर येते आणि ती दोनदा पडली. कोणाला विचारावे तेच कळत नाही. प्रत्येकजण म्हणतो, माझी औषधे बरोबर आहेत.

उत्तर : प्रत्येकाचे म्हणणे बहुधा खरेही असेल. चूक एकेका औषधात नसून बेरजेत असते, आणि ही बेरीज करणारा कोणीच आपल्या आईच्या वाट्याला आलेला नाही.

वृद्धांच्या औषधांची यादी कशी वाढते, याचे नेहमी दिसणारे उदाहरण देते. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू होते. त्याने काहीजणांच्या घोट्यांवर सूज येते. ती सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाची समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. तिने यूरिक आम्ल वाढून अंगठ्याचा सांधा सुजतो, तेव्हा वेदनाशामक येते. वेदनाशामकाने रक्तदाब पुन्हा वाढतो आणि पोट जळजळते, म्हणून आणखी दोन औषधांची भर पडते. दरम्यान वारंवार लघवीला उठावे लागल्याने झोपमोड होते आणि झोपेची गोळी सुरू होते. ती घेऊन रात्री उठलेली व्यक्ती अंधारात पडते. या साखळीत प्रत्येक डॉक्टरने समोर दिसणाऱ्या तक्रारीवर योग्य औषध दिले. पहिली सूज हा औषधाचा परिणाम आहे, एवढे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही.

आईची सगळी औषधे, वेष्टनांसह, एका पिशवीत भरा. दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्या, मलमे, डोळ्यांतले थेंब आणि इतर पद्धतींची औषधेही त्यात असू द्या. ही पिशवी घेऊन एका फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि केवळ यासाठी वेगळा वेळ मागा. प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहिल्या जायला हव्यात : ते कशासाठी सुरू झाले, केव्हा झाले आणि ते कारण अजून शिल्लक आहे का. आईचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोन्ही स्थितींत मोजायला सांगा. वरचा आकडा उभे राहिल्यावर २० किंवा अधिक अंकांनी उतरत असेल, तर चक्कर येण्याचे एक मोठे कारण हाती येईल. स्वतःहून काहीही बंद करू नका. झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड आणि हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर औषधे एकदम थांबवणे धोक्याचे असते. कमी करायची ती एका वेळी एक, आणि मध्ये काही आठवडे जाऊ देऊन.

हे काम एकाच डॉक्टरने वर्षानुवर्षे करण्याला किती मोल आहे, याचा अंदाज नॉर्वेतील नोंदींवरून येतो. तिथे प्रत्येक रहिवाशाच्या नावावर एक ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी पाहिल्या असता, ज्यांचे त्याच डॉक्टरशी नाते पंधरा वर्षांहून अधिक जुने होते, त्यांच्यात, वर्षभराचेच नाते असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता २८ टक्क्यांनी आणि मृत्यूची २५ टक्क्यांनी कमी आढळली. असा अभ्यास कार्यकारणभाव पुरता सिद्ध करत नाही, हे खरे. पण कोणत्याही गोळीबाबत असे आकडे आले असते, तर तिची जाहिरात आपण रोज पाहिली असती.

प्रश्न : माझा रक्तदाब १३६/८६ आहे. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, पण सगळ्या घराचे मीठ कमी करा म्हणाले. सासूबाई विचारतात, दुखणे एकाला आणि शिक्षा सगळ्यांना का?

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न सार्वजनिक आरोग्यशास्त्राच्या गाभ्यातला आहे. त्याचे उत्तर जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात दिले. धोका सर्वाधिक असलेली माणसे थोडी असतात, मध्यम धोका असलेली पुष्कळ; म्हणून पक्षाघात आणि हृदयविकार यांचे बरेचसे रुग्ण दुसऱ्या गटातून येतात. त्यांनी डाउन सिंड्रोम या जन्मजात विकाराचे उदाहरण दिले होते. चाळिशीपुढच्या मातांच्या बाळांत त्याचा धोका कितीतरी अधिक असतो, तरीही अशी निम्म्याहून अधिक बाळे तरुण मातांच्या पोटी जन्मतात, कारण एकूण मातांत त्यांचीच संख्या मोठी असते. आपला रक्तदाब अशाच मधल्या गर्दीत आहे, आणि घरातल्या इतरांचाही बहुधा तिथेच असेल. गोळीचा लाभ तिथे कमी आणि अनिश्चित असतो. सगळ्यांचा रक्तदाब दोन-तीन अंकांनी उतरला, तर एकेकट्याला काहीच जाणवत नाही, पण समाजातले पक्षाघात घटतात. रोझ यांनी यातली गोमही सांगितली आहे : सर्वांचे मिळून ज्यात भले, त्यात प्रत्येकाच्या वाट्याला फारच थोडे येते, आणि म्हणून ते करायला कोणी उत्सुक नसते.

प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे; जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ वापरल्यावर पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. ते मीठ त्यांच्या घरातल्या साऱ्या स्वयंपाकासाठीच दिले होते. सासूबाईंना मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे चालू असतील, तर असे मिश्र मीठ त्यांच्यासाठी योग्य नाही. त्यांच्या बाबतीत आधी विचारून घ्या. आपला रक्तदाब घरी, पाच मिनिटे शांत बसून, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि त्या नोंदी डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यातल्या एका आकड्यावर गोळी सुरू करू नये आणि नाकारूही नये.

प्रश्न : गोवर आता कुठे दिसतो? माझ्या बाळाला लस दिली नाही तर इतरांचे काय बिघडते?

उत्तर : लस घेणारे पुष्कळ आहेत म्हणून तो दिसत नाही. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल अशा समाजात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण करतो आणि तो खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. अशा आजाराची साखळी तोडायला सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. ज्यांचे लशीचे वयच झालेले नाही अशी तान्ही मुले आणि कर्करोगाचे उपचार घेणारी मुले या भिंतीमागेच सुरक्षित असतात. शिवाय गोवर होऊन गेल्यावर पूर्वी कमावलेली इतर आजारांविरुद्धची प्रतिकारशक्तीही काही अंशी पुसली जाते. लशीने ऑटिझम होतो, या भीतीचा उगम १९९८ सालच्या ज्या शोधनिबंधात आहे, तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. आपली शंका याहून वेगळी असेल, तर ती आपल्या डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडा. शंका विचारणाऱ्या पालकांवर डाफरणाऱ्या डॉक्टरांनी लसीकरणाचे पुष्कळ नुकसान केले आहे.

प्रश्न : मला फुप्फुसाचा क्षयरोग झाला आहे. डॉक्टरांनी माझे नाव आरोग्य विभागाला कळवले आणि आरोग्य कर्मचारी घरी येऊन सर्वांची चौकशी करून गेल्या. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याची शपथ डॉक्टर घेतात ना?

उत्तर : घेतात, आणि तिला अपवादही आहेत. क्षयरोग बहुतेक देशांत कायद्याने कळवावा लागणारा आजार आहे. डॉक्टरांनी नाव कळवले नसते तर तो त्यांचा कर्तव्यभंग ठरला असता. मात्र नोंदणी होणार आहे, कोणीतरी घरी येईल आणि ते काय विचारतील, हे त्यांनी आपल्याला आधी सांगायला हवे होते. तेवढे सांगितले असते तर कदाचित हे पत्र लिहावे लागले नसते.

अशी माहिती गोळा करण्याचा उपयोग किती होतो, हे इंग्लंडमधल्या विल्यम पिकल्स या खेड्यातल्या डॉक्टरांनी दाखवून दिले. १९२९ साली त्यांच्या भागात काविळीची साथ आली, तेव्हा कोण कोणाला केव्हा भेटले याच्या नोंदी ठेवून त्यांनी संसर्ग आणि लक्षणे यांमधला काळ सुमारे महिनाभराचा असतो, असे काढले. ते घराघराला ओळखत होते, म्हणून हे शक्य झाले. आपल्या घरी आलेल्या कर्मचारी हेच काम करत आहेत.

योग्य औषधे सुरू झाली की बहुधा काही आठवड्यांतच संसर्ग पसरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. साध्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दीड-दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि काहीजण तिथेच औषध सोडतात. औषधांना न जुमानणारा क्षयरोग तयार होण्याचे हे एक मुख्य कारण आहे. गेल्या तीन महिन्यांत आपल्यासोबत एका छताखाली राहिलेल्या, किंवा रोज अनेक तास बंद खोलीत शेजारी काम केलेल्या सर्वांची यादी त्या कर्मचाऱ्यांना द्या. त्यांत पाच वर्षांखालील मुले, एचआयव्हीबाधित व्यक्ती किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे कोणी असतील, तर त्यांची नावे आधी घाला. त्यांना आजार नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध सुरू करता येते. त्याच्या काही पद्धतींत आठवड्यातून एकदा असे बाराच डोस घ्यावे लागतात. आपल्या कार्यालयात आपले नाव न सांगताही सहकाऱ्यांची तपासणी करता येते. तशी विनंती आपण करू शकता, आणि ती करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.